भवान्या आणि लेकी

देऊळघाटला प्रयागाबाई हिवाळ्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला अंगणातच छत्री दिली. कडक ऊन होतं, पण मी पाच पावलांत घरातच जाणार होते. त्या स्वतः एक छत्री उघडून उभ्या होत्या आणि दुसरी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घ्या डोक्यावर. वर पाहू नका. सावकाश चाला."

मी वर पाहिलंच. चौकटीच्या वर, छपराच्या लाकडाला एक करडं पोळं लटकत होतं. त्यावर लांब पायांच्या पिवळ्या गांधीलमाश्या बसल्या होत्या. आम्ही दोघी छत्र्या धरून त्याखालून आत गेलो. आत गेल्यावर प्रयागाबाईंनी छत्री मिटली, कपाळाचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "मले लय भेव वाटते या माश्यायचं."

"मग काढून का टाकत नाही?"

"भेव वाटते म्हणून मारत सुटलं, तर गावात कोणीच उरणार नाही."

मी साताऱ्याकडची. बुलढाणा जिल्ह्यात शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून आलेली. तिथली बोली माझ्या कानाला नवी होती. बायका 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणायच्या, तेव्हा सुरुवातीला मला हसू यायचं. प्रयागाबाईंच्या घरातल्या समोरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या आणि पुढची काही वर्षं तिथंच राहिले. त्या आरोग्य विभागातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा नाशिकला. घरात त्या एकट्याच, भिंतीवर बुद्धाचं चित्र, आणि मागे त्यांची बाग.

बाग म्हणजे काही फार मोठी नाही. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, एक पेरू. वाफ्यात पानकोबी, वांगी. मांडवावर दोडका आणि कारलं. कडेनं झेंडू. आणि कुंपणाच्या भिंतीपाशी एक जुना फुटका रांजण उपडा पडलेला. त्याच्या भोकातून मधमाश्या ये-जा करायच्या. त्या कधी आल्या ते प्रयागाबाईंनाही सांगता येत नव्हतं. रांजण उचलून टाकू म्हणून एका सकाळी गेल्या, तर आतून गुणगुण ऐकू आली. त्यांनी हात मागे घेतला, तो कायमचाच.

मधमाश्यांना त्या 'लेकी' म्हणायच्या आणि गांधीलमाश्यांना 'भवान्या'. दोघींशी बोलायच्या, पण आवाज वेगळा असायचा. रांजणापाशी बसून वांगी निवडताना, "आज कुठी गेल्ता वो, करडीत का?" असं सहज विचारायच्या. करडईच्या दिवसांत माश्यांच्या पायाला पिवळा गोळा लागलेला असायचा, तो मला बोटानं दाखवायच्या. दारातून जाताना मात्र छत्रीच्या आतून दबक्या आवाजात, "जाऊ द्या मले भवान्यांनो, दूध उतू जाऊन राह्यलं."

भवान्या ठेवण्यामागे त्यांचा एक हिशेब होता. पानकोबीवर हिरव्या अळ्या पडल्या की गांधीलमाश्या येऊन त्या उचलून न्यायच्या. प्रयागाबाई फवारणी करत नव्हत्या. "मी मारत नाही, मंग मारनारं कोणीतरी पाह्यजे ना," असं त्यांचं म्हणणं.

गावाचं या बागेबद्दल एकमत नव्हतं. दारावर कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेव्हा घरात पाळणा हलतो असं मानणाऱ्या बाया तिथं होत्या. त्याच बाया गांधीलमाशी दिसली की झाडू घेऊन धावायच्या. शाळेतली पोरं रांजणावर दगड मारायची. हिवाळ्यात त्यांचेच आईबाप खोकल्याला मध मागायला यायचे. प्रयागाबाई वाटीत मध द्यायच्या नाहीत. घरातून चमचा आणून जागेवर चाटवायच्या आणि म्हणायच्या, "मध पाह्यजे, माशी नाही पाह्यजे. असं कसं चालीन बे?"

फवारणीचं नाव काढलं की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. त्यांची सगळी नोकरी कपाशीच्या गावांमध्ये गेली होती. फवारायच्या विषाला आमच्याकडे जसं म्हणतात, तसं तिकडेही सगळे 'औषध' म्हणतात. कोणी त्यांच्यासमोर तसं म्हटलं, की त्या लगेच अडवायच्या. "औषध मी देतो. ते जहर हाय. जहर म्हणा."

नोकरीत असताना लसीकरणासाठी त्या घरोघर जायच्या. एखाद्या घरात गेल्या की पाणी मागायच्या, पोराला सुई द्यायच्या आणि मग विचारायच्या, "जहराची बाटली कुठी ठेवता?" बाटली कुठेही असायची. चुलीमागे, कणगीच्या आडोशाला, एका घरात तर गोडेतेलाच्या शेजारी. त्या स्वतः उठून ती बाटली पत्र्याच्या डब्यात घालायला लावायच्या, डब्याला कुलूप, आणि डबा वर आढ्याला तारेनं बांधायचा. किल्ली घरातल्या म्हातारीकडे. लोक वैतागायचे. नर्सबाईचं हे काम नव्हे, असं म्हणायचे. मी एकदा विचारलं, "मनात आणलं तर माणूस कुलूप फोडणारच ना?"

"हाव, फोडीन," त्या म्हणाल्या. "पन त्याले शिडी लागीन, किल्ली लागीन. राग उतराले येळ लागते, मॅडम. तेवढा येळ भेटला, तर लय लोक खाली बसून रडतात आन् उठून जेवतात."

त्यांनी असे वाचलेले पाहिले होते आणि न वाचलेलेही. न वाचलेल्यांबद्दल त्या बोलत नसत. वाचलेली एक बाई कधीमधी रविवारी यायची. बागेत दगडावर बसायची, प्रयागाबाई तिला चहा द्यायच्या, दोघी शेंगा सोलायच्या आणि मग ती आपल्या गावच्या गाडीनं निघून जायची.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा प्रयागाबाई सगळ्यांच्या आधी खूश झाल्या होत्या. आता अळी पडणार नाही, फवारणी लागणार नाही, असं सगळे सांगत होते. पहिली काही वर्षं खरंच फवारणी कमी झाली. रांजणातल्या लेकी वाढल्या. मग कपाशीवर दुसऱ्या किडी आल्या, मावा, तुडतुडे, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. शेवटी गुलाबी बोंडअळी आली. मी ते वर्ष पाहिलं. बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. लोक काय हाताला लागेल ते मिसळून फवारत होते. प्रयागाबाई रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला थांबवून सांगायच्या, "तोंडाले फडकं बांध. वाऱ्याकडे तोंड करून मारू नको." बीटीवर त्या रागावल्या होत्या असंही नाही. "पह्यले बरं होतं," एवढंच म्हणायच्या.

बागेच्या भिंतीपलीकडे युनूसभाईंचं घर होतं. युनूसभाई गावोगावचा कापूस विकत घेऊन जिनिंगला पोचवायचे. त्यांची बायको झुबेदाभाभी ही प्रयागाबाईंची जिवाभावाची मैत्रीण. वयानं धाकटी, म्हणून ती त्यांना 'आपा' म्हणायची. भिंतीला एका ठिकाणी खिंडार होतं. ते दोन्हीकडच्या पुरुषांनी कधीकाळी बुजवायचं ठरवलं होतं आणि दोन्हीकडच्या बायकांनी बुजवू दिलं नव्हतं. ईदचा शिरखुर्मा तिथून इकडे यायचा, बुद्धपौर्णिमेची खीर तिथून तिकडे जायची. झुबेदाभाभी गांधीलमाश्यांना अजिबात घाबरायची नाही. छत्रीवाल्या आपाची ती थट्टा करायची. "आपा, एवढी सुया टोचनारी तुमी, आन् एका सुईले भेता?"

बोंडअळीच्या त्याच वर्षी, श्रावणातल्या एका सकाळी मी आणि प्रयागाबाई बागेत असताना झुबेदाभाभी खिंडारातून कढीपत्ता तोडायला आली. कढीपत्त्याच्या आत, पानांच्या गर्दीत गांधीलमाश्यांनी आणखी एक पोळं केलं होतं. ते कोणालाच माहीत नव्हतं. तिनं फांदी ओढली आणि तिच्या मानेवर, हातावर माश्या डसल्या. ती ओरडली नाही. फांदी सोडून चार पावलं आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आपा, मले कसंतरी होऊन राह्यलं."

तिचे ओठ सुजत होते. गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. श्वासाचा आवाज येऊ लागला आणि ती गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली.

गांधीलमाश्यांखालून छत्री घेऊन जाणाऱ्या प्रयागाबाई त्या क्षणी कुठे गेल्या कोण जाणे. माश्या अजून फिरत होत्या. त्यांच्यातून त्या सरळ गेल्या, झुबेदाला काखेत धरून ओढत बाजूला आणलं. "मॅडम, पाय धरा तिचे. वर धरा. खाली ठेवू नका." मला तिच्या पायाशी बसवून त्या रस्त्याकडे पळाल्या. बुलढाण्याकडे जाणारी काळीपिवळी जीप माणसांनी भरून येत होती. त्या रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. ड्रायव्हर काही बोलणार, त्याच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतरा सगळे. माझी बहीण मरून राह्यली." सगळे उतरले. दोघांनी झुबेदाला उचलून आणलं. घाटाच्या वळणांवर मी तिचे पाय मांडीवर धरून बसले होते, आणि प्रयागाबाई तिच्या कानाशी सारखं बोलत होत्या. "झुबेदा, डोये उघड. शिरखुर्मा कोण करीन वो? माझ्यानं होत नाही तो."

दवाखान्यात डॉक्टरांनी पाहताक्षणी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला. थोडा उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी एक माशीही पुरेल, तेव्हा जपून राहा, असंही म्हणाले.

युनूसभाई धावत आले. बायकोला पाहून बाहेर आले आणि व्हरांड्यात बाकावर बसलेल्या प्रयागाबाईंसमोर उभे राहिले.

"सिस्टरबाई, तुमीच तिले वाचवलं. आन् तुमच्याच माशीनं तिले मारलं असतं. आता मी तुमाले काय म्हनू?"

"काही म्हनू नको, बाबा," प्रयागाबाई म्हणाल्या. "दोन्ही खरंच हाय."

त्या संध्याकाळी, माश्या पोळ्यावर परतल्यावर, त्यांनी अंगाभोवती चादर गुंडाळली, डोक्याला फडकं बांधलं आणि बांबूच्या टोकाला रॉकेलचा बोळा बांधला. मी मदतीला गेले तर मला घरात घालून कडी लावली. आधी कढीपत्त्यातलं पोळं जाळलं. मग दारावरचं. दारावरच्या माश्यांनी कोणालाही काही केलं नव्हतं. खिडकीतून मी पाहत होते. पोळं पुरतं जळेपर्यंत बांबू त्यांनी खाली घेतला नाही. मग खाली पडलेलं सगळं झाडून, खड्डा करून पुरलं आणि आत येऊन हात धूत राहिल्या. बराच वेळ धूत राहिल्या.

रात्री बाहेरच राहिलेल्या काही माश्या दुसऱ्या दिवशी आल्या. काळ्या पडलेल्या लाकडावर बसल्या. प्रयागाबाई त्यांच्याखालून छत्रीशिवाय ये-जा करत होत्या. त्यांना भीती वाटेनाशी झाली होती की त्या मुद्दाम तसं करत होत्या, ते मी विचारलं नाही.

प्रश्न रांजणाचा उरला. युनूसभाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. झुबेदाभाभी घरी आल्यावर तर उलटंच म्हणाली. खिंडारापाशी खुर्ची टाकून, ओढणी कानावरून घट्ट घेऊन बसली होती. "आपा, मधमाशीनं मले आजपावतो काही केलं नाही. त्यायले कायले काढता? राहू द्या."

"डॉक्टर काय म्हनले, ऐकलं ना तू?"

"डॉक्टर तर म्हनतात मीठ खाऊ नका. खातोच ना आपण?"

प्रयागाबाई हसल्या नाहीत. "मी नर्स हाय, झुबेदा. पेशंटच्या खाटेजवळ असं ठेवत नसतात."

चिखलीकडे त्यांचा भाचा शेती करत होता. तो हिवाळ्यात कांद्याचं बी धरायचा, आणि त्याला मधमाश्या हव्याच होत्या. माश्या नसल्या की डोंगळ्याला, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्याला, बी भरत नाही, हे त्यानंच सांगितलं. तो छोटा टेम्पो घेऊन आला. अंधार पडता पडता रांजणाच्या भोकाला जाळीचं फडकं बांधलं, खाली कडब्याची गादी केली. प्रयागाबाईंनी भाच्याला चार-चारदा बजावलं, "फवारा मारशीन त्या दिवशी भोक बांधून ठेवजो. पाणी ठेवजो जवळ. उनात ठेवू नको." भाचा हो हो म्हणत होता. टेम्पो निघाला तेव्हा त्या रस्त्यापर्यंत चालत गेल्या. आतून आवाज येत होता, मोठा, वैतागल्यासारखा. "रागावल्या," त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

दसऱ्याच्या आधी भाच्याचा फोन आला. फोन ठेवून त्या पिशवी भरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायल्या आणि मला सांगितलं. भाच्यानं स्वतःच्या वावरात एकदाही फवारलं नव्हतं. बांधापलीकडच्या शेतकऱ्यानं फवारलं. त्याच्या कपाशीची बोंडं आतून खाल्ली गेली होती. त्यानं कोणाला सांगितलं नाही, सांगायचं त्याच्या ध्यानातही आलं नसेल. माश्या तिथल्या फुलांवर गेल्या. रांजणाभोवती सडा पडला होता.

"त्याले भेटून आलो मी," प्रयागाबाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काय म्हनू? त्यानं मले बोंड फोडून दाखवलं." पाण्याचा तांब्या बाजूला सारत, "मलेच समजाले पाह्यजे होतं. एवढी वर्षं त्या गावायनी फिरलो मी. कपाशीत नेऊन ठेवल्या लेकी."

तेवढंच. त्या उठून स्वयंपाकाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी खिंडारातून झुबेदाभाभीनं विचारलं, "काय म्हनतात आपा, तुमच्या लेकी?"

प्रयागाबाई खोटं बोलत नसत. गावात त्याचा लोकांना त्रासच होता. बाळ अशक्त असलं तर आजीच्या तोंडावर सांगायच्या, माझ्या भाजीत मीठ जास्त असलं तर पहिल्या घासाला. मी पाहत होते. त्या झाडाला पाणी घालत होत्या. हातातला तांब्या तसाच धरून म्हणाल्या, "मजेत हायेत. लय फुलं हायेत तिकडं."

पुढं ते रोजचंच झालं. झुबेदाभाभी विचारायची आणि प्रयागाबाई काहीतरी सांगायच्या. भाच्यानं सावलीला ठेवल्या. आता कांदा लागला. सूर्यफूल फुललं. मला ते ऐकवायचं नाही, म्हणून मी आत निघून जायची.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी झुबेदाभाभीला भेटायला गेले. तिनं मला जवळ बसवून घेतलं, डब्यात लाडू भरले आणि डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "मॅडम, मले ठाऊक हाय."

"काय?"

"माश्यायचं. दिवाळीच्या आधीच समजलं. हे कापसाले तिकडं गेल्ते, त्यायले लोकायनी सांगितलं."

"मग रोज विचारता का?"

तिनं डबा माझ्या हातात दिला. "नाही इचारलं तर आपाले कळीन ना, मले ठाऊक हाय म्हनून. मंग मी म्हनीन माझ्यापायी झालं, आपा म्हनतील नाही, माझ्यापायी झालं. दोघी रडू. त्याहून इचारलेलं बरं. त्यायले पन सांगाले बरं वाटते. कधीकधी तर मलेच खरं वाटते."

मी प्रयागाबाईंना हे सांगितलं नाही.

सकाळची गाडी होती. सामान दारात ठेवून मी निरोप घ्यायला मागे बागेत गेले. त्या वर्षी त्यांनी भोपळ्याचा वेल लावला होता. वेल जोरात होता, फुलं भरपूर, पण फळ धरत नव्हतं. कळीमागची बारीक गाठ पिवळी पडून गळून जायची. म्हणून प्रयागाबाई रोज सकाळी उन्हं चढायच्या आत नर फुलं तोडून, पाकळ्या काढून मादी फुलांमध्ये हळूच फिरवायच्या. तेच चाललं होतं. वाकल्यानं कंबर दुखत असावी, कारण एक हात कमरेवर होता. भिंतीच्या खिंडारात झुबेदाभाभी खुर्ची टाकून बसली होती, हात ओढणीत.

"आपा, काय म्हनतो भाचा?"

"बरं म्हनतो. एकाचे दोन पोळे झाले म्हने औंदा."

"दोन?"

"हाव."

"अल्ला," झुबेदाभाभी म्हणाली आणि समाधानानं मान हलवली. मग वेलाकडे पाहत पुढे झाली आणि ओढणीतून हात काढून बोट दाखवलं. "आपा, ते एक राह्यलं. तिकडं, पानाखाली."

प्रयागाबाईंनी पान उचललं, फूल पाहिलं आणि पुन्हा वाकल्या.